विचारून घेतलेलं पाणी

मे महिन्यातल्या एका सकाळी गोठ्यातल्या नळानं फुस्स करून नुसती हवा सोडली. धारा नुकत्याच काढून झाल्या होत्या, दूध गार करायचं होतं, वीस-बावीस गाई पाण्याच्या हौदाकडं माना वळवून उभ्या. मी नळ पुरता उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. आत काहीतरी खाकरल्यासारखं झालं आणि मग तेही थांबलं.

"जॉस! अहो जॉस! पाणी गेलं!"

माझा नवरा हातात पाव घेऊनच बाहेर आला. "पाइपात पाला अडकला असेल," म्हणाला, आणि खांद्यावर फावडं टाकून डोंगर चढायला लागला. आमचा झरा आमच्या रानात नाही. वरच्या गडग्यापलीकडं, शेजारच्या डार्ग म्हाताऱ्याच्या कुरणात आहे. गडगा म्हणजे आमच्याकडं नुसता दगडावर दगड रचलेला, चुना नाही, माती नाही; पण बापजाद्यांपासून उभा आहे. माझा सासरा टॉम फॉसेट यानं त्या झऱ्यापासून खाली लोखंडी पाइप आणला तेव्हा जॉस पाळण्यात होता. तेव्हापासून घर आणि गोठा त्याच पाण्यावर.

जॉस परत आला तो पांढराफटक पडलेला. पाव तसाच हातात.

"करवतीनं कापलाय," तो म्हणाला. "सरळ कापलाय. निळा पाइप लावलाय नवा. तो त्याच्या घराकडं जातो."

त्याच्या म्हणजे हॅल्डेनच्या. डार्ग म्हाताऱ्याला मूलबाळ नव्हतं. मरायच्या आधी काही महिने त्यानं शेत विकलं आणि शहरातनं हा हॅल्डेन आला. गुरांच्या जागी त्यानं माणसांची सोय केली. धान्याच्या कोठारात, मेंढ्यांच्या खोपटात, सगळीकडं खोल्या काढल्या, सुट्टीला येणाऱ्यांसाठी. प्रत्येक खोलीला न्हाणीघर. आणि त्या वर्षी एप्रिलपासून डोंगरावर थेंब नाही. एरवी बारा महिने पावसाला कंटाळलेली आमच्या डोंगरावरची माणसं त्या वर्षी ढगाकडं बघायला लागली.

आम्ही दोघं त्याच्या दारात गेलो. मी तर चुलीपुढचा फडका कमरेला तसाच बांधून गेले होते, एवढा संताप आला होता. हॅल्डेन हसतमुख. पायात नवे बूट, चिखलाशी अजून ओळख न झालेले.

"माझ्या खरेदीखतात या पाइपाचा उल्लेखच नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडं काही कागद आहे का?"

"कागद कशाला?" जॉस म्हणाला. "पाइप आहे की."

"पाइप आहे, पण हक्क आहे का? डार्गनी मला सांगितलं होतं, ते पाणी मेहेरबानीखातर देतात. मला वाईट वाटतं, खरंच. पण माझ्याकडं पाहुणे आहेत."

"आमच्याकडं गाई आहेत!" मी म्हटलं.

तर हा बाबा मान डोलावून म्हणतो कसा, "हो, मी ऐकतो त्यांना सकाळी."

परत येताना जॉसच्या जबड्याचं हाड नुसतं हलत होतं.

मग सुरू झालं पाणी ओढणं. आमचा ओढा घराच्या बऱ्याच खाली, तोही आटून दगड उघडे पडलेले. ट्रॅक्टरमागं टाकी लावायची, ओढ्यात उतरायचं, बादलीनं भरायचं, कारण पंप चिखल ओढायचा. बादली उचलायची, खांद्याच्या उंचीला न्यायची, ओतायची. पुन्हा वाकायचं. दुभती गाय दिवसाला किती पाणी पिते हे नळ असताना मला कधी कळलं नव्हतं. आम्ही वर येईपर्यंत पहिली टाकी संपलेली असायची आणि मागच्या गाई हंबरत असायच्या. जॉसची कंबर धरली ती कायमची. मी रोज जेवणानंतर त्याला पालथा पाडून घोड्याचं मलम चोळायची. तो उशीत तोंड खुपसून शिव्या द्यायचा. हॅल्डेनला, उन्हाला, मलमालासुद्धा.

जुलैत आमच्या मेंढ्यांची लोकर कातरायचा दिवस आला. त्या दिवशी अख्खं खोरं एकमेकांच्या मदतीला येतं, आज तुमच्याकडं, उद्या आमच्याकडं. सगळ्यांच्या आधी इसाक मॉसप आला, आमचा शेजारी, सासऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. सत्तरी ओलांडली तरी मेंढी मांडीखाली घेतली की तिला हलू देत नाही. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लोकरीच्या चिकट तेलानं माखले, वर घाम, वर माश्या. जेवायला बसायचं तर हात धुवायला पाणी एक बादली. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवले. शेवटच्या माणसाचा नंबर आला तेव्हा त्यात बोटं दिसत नव्हती. माझ्या सासूनं, आल्मानं, पाहुण्यांना असं कधी जेवायला बसवलं नव्हतं. डुकराच्या मांसाचे काप वाढताना तिनं एकाच्याही तोंडाकडं बघितलं नाही.

गडग्यापलीकडं हॅल्डेनचे पाहुणे मोटार धूत होते. पाण्याचा आवाज इथवर येत होता.

"ते पाणी टॉमचं आहे," इसाक जेवता जेवता मोठ्यानं म्हणाला. "मी स्वतः होतो पाइप पुरायला. कुठल्याही कोर्टात येतो मी. घाल खटला, जॉस."

तर घातला खटला.

वकील पॅटिन्सन बाजाराच्या गावात चपलांच्या दुकानाच्या माडीवर बसायचा. चांगला माणूस. आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो, सासूनं पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली.

"घाबरू नका," पॅटिन्सन म्हणाला. "हा खुनाचा खटला नाही. तिथं शंकेला जागा राहून चालत नाही. इथं न्यायाधीश एवढंच बघणार, आपलं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त की खोटं असण्याची. पारडं केसभर आपल्याकडं झुकलं तरी पुरे. शंभरात एक्कावन्न."

"एक्कावन्न!" जॉसचा चेहरा उजळला. "आमचं तर नव्याण्णव आहे."

"म्हणजे एकोणपन्नास खोटं चालतं इथं?" सासूनं विचारलं.

"तसं नाही हो, मिसेस फॉसेट…"

"मी शंभर सांगीन."

पॅटिन्सन हसला. मग त्यानं समजावलं. वीस वर्षांच्या वर पाणी घेतलेलं हवं. उघडपणे घेतलेलं हवं, चोरून नाही, दांडगाई करून नाही. आणि आपलं समजून घेतलेलं हवं, परवानगीनं नाही. परवानगीनं घेतलं तर ती मेहेरबानी, मग ती केव्हाही काढून घेता येते.

"परवानगी घेतली होती का कधी?"

"छे, कसली परवानगी," जॉस म्हणाला.

"कागदबिगद काही नव्हता," सासू म्हणाली.

"झालं तर मग."

झालं तर मग! आज वाटतं, तिथंच त्यानं आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण तो गावचा आणि आम्ही खोऱ्यातले. त्याला काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं आणि आम्हाला काय सांगायचं ते. घरी मात्र त्या दिवसापासून एक्कावन्नचा जप सुरू झाला. बादली उचलताना जॉस म्हणायचा, "एक्कावन्न, बाई, एक्कावन्न." कंबर दुखली की एक्कावन्न. गाईनं लाथ मारली की एक्कावन्न. मला तर तो आकडा कानात बसला होता.

खटला उभा राहिला तो हिवाळ्यात, पाऊस पडून ओढे भरलेले असताना. कोर्टाची खोली बारकी आणि गरम. सासूनं सासऱ्याच्या दफनाला घातलेला काळा कोट घातला होता, तो काढायला ती तयार नाही. कपाळावर घाम. जॉसची साक्ष झकास झाली. पाइप कधी घातला, कुठनं घातला, कुठं जोड आहे, सगळं सांगितलं. न्यायाधीश पिकल्या केसांचा, शांत, लिहून घेत होता. पॅटिन्सननं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मीही खुळी, मनात गोठ्यातला नळ उघडून बघितला.

मग सासू उभी राहिली. हॅल्डेनची वकील तरुण बाई होती, आवाज एकदम मऊ. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती तर सासूला म्हणाली, बसून बोललात तरी चालेल.

"मी उभी राहीन," सासू म्हणाली.

"तुमचे यजमान शेजाऱ्यांशी कसे होते, मिसेस फॉसेट?"

"टॉमसारखा शेजारी या खोऱ्यात झाला नाही."

"मग दुसऱ्याच्या जमिनीत न सांगता घुसणारे नव्हते?"

पॅटिन्सन ताठ झाला. मी बघितलं. पण सासूला कुठलं दिसायला? तिच्या गालावर लाल डाग उठले होते.

"घुसणारा? माझा टॉम? अहो बाई, दर वर्षी झरा साफ करायच्या आधी तो डार्गच्या दारात जायचा. टोपी काढून. 'जेम्स, झऱ्यावर जाऊ का?' असं विचारायचा. कधी म्हणजे कधी चुकला नाही. टॉम गेल्यावर मी जायची. आम्ही काही चोर नाही!"

"आणि डार्ग काय म्हणायचे?"

"म्हणायचा, 'तुला विचारायची काय गरज आहे?'"

"आणि तरीही पुढच्या वर्षी?"

"तरीही पुढच्या वर्षी विचारायचं! रीत असते माणसांची."

"धन्यवाद," ती बाई म्हणाली आणि बसली. एवढंच. पॅटिन्सननं डोळे मिटून घेतले होते. जॉस माझ्या कानात कुजबुजला, "छान बोलली ना आई?" मी त्याचा हात दाबला.

पॅटिन्सन लढला मात्र. उठून म्हणाला, डार्ग म्हणत होता विचारायची गरज नाही, याचा अर्थ हक्क त्याला मान्य होता. विचारणं हे परवानगी मागणं नव्हे, ही या लोकांची वागायची पद्धत आहे. आणि ते दाखवायला त्यानं इसाकला उभं केलं. इसाक कोर्टात टोपी पिळत उभा राहिला, पण बोलला नेटकं.

"आमच्यात सगळे विचारतात. कुणाच्या रानातनं जायचं असलं, कुणाचा मेंढा न्यायचा असला, विचारतात. ते नुसतं रामराम केल्यासारखं आहे, साहेब. त्यात काही नसतं."

न्यायाधीश मान वर करून ऐकत होता. पारडं आपल्याकडं झुकतंय असं मला वाटलं.

ती बाई उठली. "मिस्टर मॉसप, डार्ग जर नाही म्हणाले असते तर?"

"नाही कोण म्हणतं?"

"पण समजा म्हणाले असते."

"आमच्यात नाही म्हणत नाहीत."

"मला कळलं ते. तरी समजा, त्या दिवशी डार्ग म्हणाले असते, 'नको, टॉम.' तर टॉमनं काय केलं असतं?"

इसाकनं टोपी एकदा इकडनं पिळली, एकदा तिकडनं. तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. लाजबिज काही नाही मला.

"घरी गेला असता," इसाक म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल. न्यायाधीशानं सावकाश वाचला. वीस वर्षांहून जास्त वापर सिद्ध झाला. उघड वापर सिद्ध झाला. दांडगाई नाही, सिद्ध झालं. जॉस प्रत्येक वेळी मान हलवत होता. मग न्यायाधीश म्हणाला, मिसेस फॉसेट ही माझ्यासमोर आलेली अत्यंत प्रामाणिक साक्षीदार आहे, आणि तिच्या प्रत्येक शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे. सासूनं कोटाची कॉलर नीट केली. आणि म्हणूनच, तो म्हणाला, जो माणूस दर वर्षी विचारतो, आणि नकार आला असता तर परत गेला असता, तो परवानगीनंच घेत होता, ही शक्यता मला जास्त वाटते. थोडीच जास्त, पण जास्त.

थोडीच! एक्कावन्न हवे होते, म्हातारीनं शंभर दिले, आणि आम्ही हरलो.

गाडीच्या काचेवर पाऊस मारत होता, तो बघूनही चीड येत होती. घर जवळ आल्यावर जॉस फुटला.

"कशाला बोललीस, आई? कशाला? तुला सांगितलं होतं, विचारलं तेवढंच सांग!"

"तिनं विचारलं!"

"हो म्हणायचं होतं! घुसायचा म्हणायचं होतं!"

"तुझ्या बापाला चोर म्हणू मी? कोर्टात? लोकांसमोर?"

"बाप मेला, आई! गाई जिवंत आहेत!"

सासू खिडकीकडं तोंड करून बसली. मला दोघांचाही राग आला, आणि त्या मऊ आवाजाच्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मेलेल्या सासऱ्याचा. कशाला गेलास रे बाबा दर वर्षी टोपी काढून? एक वर्ष विसरला असतास, दुसऱ्या वर्षी कंटाळला असतास. इतका सरळ माणूस, आणि सरळपणानंच घर बुडवलंस.

गाईंचं मग काही राहिलंच नाही. ओढ्यावरच्या पाण्यानं एक उन्हाळा काढला होता, दुसरा निघाला नसता. जॉसची कंबर तर नव्हतीच उरली. वसंतात बाजाराची गाडी अंगणात लागली. गाई निमूट चढल्या, एक म्हातारी बिथरली तेवढी, तिला सासूनं शिंगाला धरून, कानात बोलून चढवली. गाडी गेल्यावर सासूनं सगळा गोठा खराट्यानं झाडला, खालीवर, कोपरान्कोपरा. कुणासाठी झाडत होती कुणास ठाऊक. आता राहिल्या मेंढ्या, त्या डोंगरावर आपलं बघून घेतात.

घरापुरतं पाणी हॅल्डेन द्यायला तयार होता. त्याला म्हणे आमचं वाईट व्हावं असं मुळीच वाटत नव्हतं. फक्त दर वर्षी येऊन मागायचं आणि एका कागदावर सही करायची. जॉस जाईना. सासू तर जाणंच शक्य नव्हतं. ते माझ्या वाट्याला आलं. मी त्याच्या दारात उभी राहिले, बूट पुसले, आणि म्हटलं, "पाणी घेऊ का?" तीन शब्द. सासऱ्यानं असेच तीन म्हटले असतील, आणि वर त्यानं आणि डार्गनं झऱ्यावर बसून तंबाखूचा पाइप ओढला असेल. हॅल्डेन "अवश्य, अवश्य" म्हणाला आणि पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

जुलै आला. त्या वर्षी हवा बेताची होती, दोन दिवस ऊन, दोन दिवस पाऊस, त्यामुळं सगळं खोरं गवत वाळवायच्या घाईत. इसाकचं खालचं कुरण आमच्या घरामागं आहे आणि ट्रॅक्टर न्यायचा तर आमच्या अंगणातनंच वाट. मी या घरात आल्यापासून बघते, दर वर्षी तो फाटकाशी येऊन इंजिन बंद करणार, उतरणार, टोपी मागं सारून हाक मारणार, "आल्मा, जाऊ का गं पलीकडं?" आणि सासू दारातनं ओरडणार, "तुला कधी नाही म्हटलंय का रे मेल्या? चहा घेऊन जा." मग चहा, आल्याचा केक, आणि अर्धा तास गप्पा, गवत गेलं उडत.

त्या दिवशी ट्रॅक्टरचा आवाज ऐकून सासूनं केटल ठेवली. कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली. मीही मागं होते.

ट्रॅक्टर फाटकाशी आला. इसाक उतरला. फाटक उघडलं, काही न बोलता परत चढला आणि अंगणात शिरला. नजर समोर. मान ताठ, पट्ट्यात जखडल्यासारखी.

"इसाक!" सासूनं हाक मारली.

तो थांबला नाही. पण अंगण लहान, आणि म्हातारी चपळ. ती जाऊन चाकाशीच उभी राहिली, तेव्हा त्याला ब्रेक लावावा लागला. तरी त्यानं खाली बघितलं नाही.

"काय रे, मी मेले का? दिसत नाही तुला?"

"दिसतेस गं," तो समोर बघतच म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "रागावू नकोस, आल्मा. मी पॅटिन्सनकडं गेलो होतो. त्यानं सांगितलंय, या वर्षापासून काही विचारायचं नाही. कुणालाच नाही. विचारलं तर वाट कधीच आपली होत नाही म्हणतो. माझ्या पोरानं काय करायचं, उद्या तुमचंही घर कुणी हॅल्डेननं घेतलं तर?"

"मी जिवंत आहे ना पण अजून!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "आतापासून वीस वर्षं मोजायला लागणार." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी खरंच बघितलं. जन्मभराचा दोस्त, कोर्टात आमच्यासाठी टोपी पिळत उभा राहिलेला.

सासू बाजूला झाली. ट्रॅक्टर पुढं सरकला. मला वाटलं आता ती आत येईल, नाहीतर धाय मोकलून रडेल. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली,

"जा रे, इसाक मॉसप! माझी परवानगी आहे तुला! ऐकलंस का? परवानगी आहे!"

इसाकनं मागं न बघता पेडलवर पाय दाबला आणि ऐकू येऊ नये म्हणून इंजिनचा आवाज वाढवला.